दृष्टी, पाप आणि प्रयत्न : ख्रिस्ती विश्वदृष्टीची चिकित्सा

धर्मविषयक लेखनात 'विश्वदृष्टी' हा शब्द अलीकडे वारंवार आढळतो. त्याचा मूळ जर्मन शब्द इमॅन्युएल कांट यांनी १७९० मध्ये प्रथम वापरला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती विचारवंतांनी तो आपलासा केला. ईश्वर आणि जगत् यांविषयीच्या ख्रिस्ती दृष्टिकोनाची मांडणी करणारा स्कॉटलंडचे जेम्स ऑर यांचा ग्रंथ १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १८९८ मध्ये हॉलंडचे अब्राहम कायपर यांनी अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे व्याख्याने दिली. ख्रिस्ती श्रद्धा प्रार्थनेपुरती मर्यादित नसून राज्यकारभार, विज्ञान व कला या साऱ्यांना व्यापणारी अशी ती एक सलग दृष्टी होय, असा त्यांचा दावा होता.

हा दावा गंभीरपणे तपासण्याजोगा आहे. जग कोठून आले, माणूस कोण आहे, दुःख का आहे आणि त्यातून सुटका कशी होईल, या चार प्रश्नांची जी उत्तरे माणूस नकळत गृहीत धरून चालतो, ती त्याची विश्वदृष्टी. ख्रिस्ती परंपरेची उत्तरे सृष्टी, पतन आणि उद्धार या तीन शब्दांत सामावतात. जग ईश्वराने निर्माण केले आणि ते मुळात चांगले आहे. मनुष्य ईश्वराच्या प्रतिरूपात घडला, म्हणून त्याला प्रतिष्ठा आहे. आदामाच्या अवज्ञेने त्याचे पतन झाले, आणि ख्रिस्ताच्या बलिदानाने त्याचा उद्धार होतो. प्रतिरूपाच्या कल्पनेतून माणसाच्या मोलाविषयीचा आदर आला, तर इतिहासाला आरंभ आणि शेवट आहे या कल्पनेतून भविष्याविषयीची आशा आली. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. आमचा प्रश्न तिसऱ्या उत्तराविषयी, म्हणजे दुःखाच्या कारणाविषयी आहे.

बौद्ध परंपरेला 'दृष्टी' हा विषय नवा नाही. आर्य अष्टांगिक मार्गाचा आरंभच सम्यक दृष्टीने होतो. ब्रह्मजाल सुत्तात बासष्ट मतांची छाननी आहे. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचे सुत्त अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात आहे. तेथे तथागत तीन मतांचा परामर्श घेतात. माणूस जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळे, हे पहिले मत. ते सर्व ईश्वरनिर्मितीमुळे, हे दुसरे. ते कोणत्याही कारणाशिवाय, हे तिसरे. या तिन्ही मतांवर तथागतांचा आक्षेप एकच आहे. जो माणूस यांपैकी एखादे मत अंतिम सत्य म्हणून धरून बसतो, त्याला हे करावे आणि ते करू नये, अशी इच्छाही उरत नाही आणि प्रयत्नही उरत नाही. दृष्टीची ही कसोटी अत्यंत व्यवहार्य आहे. मत कोणाचे आहे वा किती प्राचीन आहे, याला येथे महत्त्व नाही. ते मानल्यावर माणसाच्या हाती काय उरते, एवढेच येथे पाहायचे आहे.

विसाव्या शतकात नेमकी हीच कसोटी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ख्रिस्ती धर्माला लावली. धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवरील त्यांचा लेख त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाला नव्हता. महाराष्ट्र शासनाने १९८९ मध्ये प्रकाशित केलेल्या त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात तो आला. त्यातील युक्तिवाद असा : अस्पृश्य हिंदू असतो तेव्हा त्याला सांगितले जाते की त्याची अधोगती त्याच्या पूर्वकर्मामुळे झाली. तोच ख्रिस्ती होतो तेव्हा त्याला सांगितले जाते की माणसाची अधोगती आदिपुरुषाच्या पापामुळे झाली. दोन्ही उत्तरांत समाजरचना निर्दोष सुटते. समाजशास्त्र मात्र अधोगतीचे कारण प्रतिकूल परिस्थितीत शोधते, आणि बाबासाहेबांच्या मते तेच उत्तर योग्य होय. ज्याला आपल्या दुःखाचे कारण आपल्याच पापात दिसते तो क्षमा मागतो, आणि ज्याला ते अन्यायात दिसते तो न्याय मागतो. येथे या दोन दृष्टींमधील अंतर स्पष्ट होते.

हा आक्षेप एकांगी आहे असे कोणी म्हणेल. त्याने संत ऑगस्टीनचा दाखला पाहावा. 'ईश्वराचे नगर' या ग्रंथाच्या एकोणिसाव्या भागात, दास्याचे मूळ कारण पाप आहे असे तो लिहितो. ईश्वराने माणसाला माणसावर सत्ता दिली नव्हती, हे तो मान्य करतो. तरीही प्रत्यक्षातील दास्य तो पापाची शिक्षा मानतो आणि दासाला मनोभावे सेवा करण्याचा उपदेश करतो. समतेचे तत्त्व हाती असूनही विषमता कायम राहते, ती या वळणावर.

तथापि चिकित्सेला दुसरी बाजूही पाहावी लागते. सर्व मानव पापी आहेत या सिद्धान्तात राजा आणि रंक एका रांगेत येतात. जन्माने कोणी शुद्ध आणि कोणी अशुद्ध, ही कल्पना त्यात बसत नाही. योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एका जन्मांधाविषयी शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. पीडिताच्या माथी दोष मारण्याचे येथे स्पष्ट खंडन आहे. अर्थात पुढील उत्तर असे येते की, ईश्वराचे कार्य त्याच्या ठायी प्रकट व्हावे म्हणून हे घडले. म्हणजे दुःखाचे कारण विचारले असता दुःखाचा हेतू सांगितला गेला. प्रतीत्यसमुत्पाद शिकलेल्या वाचकाला हा फरक लगेच जाणवेल.

एकाच ग्रंथातून दोन परस्परविरोधी दृष्टी निघाल्याचीही साक्ष इतिहासात आहे. अमेरिकेतील मळेवाले गुलामगिरीच्या समर्थनार्थ बायबल वाचत, तर गुलाम त्याच बायबलातून इस्राएलींच्या मिसरमधील मुक्तीची कथा वाचत. गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ च्या आत्मकथेत ख्रिस्ताचा धर्म आणि त्या देशात चालणारा धर्म यांत स्पष्ट भेद केला. १९६८ मध्ये मेडेलीन येथील लॅटिन अमेरिकन बिशपांच्या परिषदेने आणि १९७१ मध्ये गुस्ताव्हो गुतिएरेझ यांच्या ग्रंथाने अन्यायी समाजरचनेलाच पाप म्हटले. १९८० च्या दशकात अरविंद निर्मळ प्रभृतींनी भारतात दलित ईश्वरविद्या मांडली. पापाचे स्थान माणसाच्या अंतःकरणातून समाजरचनेकडे सरकले, तसतशी ही दृष्टी बाबासाहेबांच्या आक्षेपाला उत्तर देऊ लागली. हा बदल पीडितांच्या अनुभवाने घडवला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तरीही एक भेद उरतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेब दाखवतात की येशू स्वतःला ईश्वराचा पुत्र म्हणतो आणि मोक्ष त्याच्याद्वारेच मिळतो, तर तथागत मोक्षदाता नसून मार्गदाता आहेत. त्याच ग्रंथात ते म्हणतात की धर्माचा हेतू जगाची उत्पत्ती सांगणे हा असतो, तर धम्माचा हेतू जगाची पुनर्रचना करणे हा आहे. नव्या ख्रिस्ती विचारवंतांनी पुनर्रचनेचे कार्य स्वीकारले असले, तरी उद्धाराचा अंतिम कर्ता त्यांच्या दृष्टीत माणसाबाहेरच राहतो. त्यांच्याशी सहकार्य करताना हा भेद झाकण्याची गरज नाही, आणि त्यामुळे त्यांच्याविषयी अनादर बाळगण्याचेही कारण नाही.

ही कसोटी दुसऱ्यांसाठीच ठेवली तर ती निरुपयोगी होईल. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जे घडले त्यात नाव बदलले, वंदना बदलली, विवाहविधी बदलला. परंतु आजारी मुलाच्या उशाशी बसून आपण 'नशिबात होते' म्हणतो, परीक्षेत नापास झालेल्या मुलीला 'योग नव्हता' म्हणतो, किंवा वस्तीतील गरिबाची गरिबी त्याच्या आळसावर ढकलतो, तेव्हा अंगुत्तर निकायातील त्या तीन मतांपैकीच एखादे मत आपल्या तोंडून बोलत असते. बावीस प्रतिज्ञांतील समतेसाठी झटण्याची प्रतिज्ञा अशा दृष्टीवर उभी राहू शकत नाही. धर्मांतर एका दिवसात होते, पण दृष्ट्यंतराला रोजचा अभ्यास लागतो. दुःख समोर येताच त्याचे कारण शोधावे आणि त्यातील आपल्या हाती असलेली बाजू बदलायला लागावे, एवढी एक सवय आपल्या घराघरांत रुजली, तर सम्यक दृष्टीचा अर्थ मुलांना वेगळा शिकवावा लागणार नाही.