गणपत शिपाई आणि भगवान श्रीकृष्ण

आमच्या घरी दूरचित्रवाणीचा संच आला तेव्हा मी शाळकरी होतो आणि माझ्या आजीने सत्तरी ओलांडली होती. एका सायंकाळी एक जुना पौराणिक बोलपट लागला. पडद्यावर मुकुट, मोरपीस, बासरी आणि त्यांच्याबरोबर ते मंद हास्य दिसताच आजीने डोक्यावरून पदर घेतला व हात जोडले. हात जोडलेले असतानाच ती मला म्हणाली, "हा आपल्या नगरचा बरं का. मोडकांचा शाहू. किरिस्ताव आहे." या तीन वाक्यांत तिला यत्किंचितही विसंगती भासली नाही. मी हसलो, तेव्हा तिने डोळे वटारले. आणि ते डोळे माझ्याकडून पुन्हा पडद्याकडे वळले तेव्हा त्यांत राग उरलेला नव्हता.

आजीची ती भक्ती खोटी होती असे म्हणण्याचे पातक मी करणार नाही. परंतु अशा लक्षावधी जोडलेल्या हातांनी एका गुणी नटाचे कल्याण केले की नुकसान, हा प्रश्न मला गेली कित्येक वर्षे सतावीत आला आहे. तो येथे वाचकांपुढे मांडावयाचा आहे.

शाहू मोडकांचा जन्म 25 एप्रिल 1918 रोजी अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. या गावच्या ख्रिस्ती समाजाची थोडी ओळख असल्यावाचून पुढील गोष्टीचा उलगडा होत नाही. अमेरिकन मराठी मिशनचे काम येथे 1831 मध्ये सुरू झाले आणि 'ज्ञानोदय' पत्र 1842 मध्ये येथूनच निघाले. नगरच्या ख्रिस्ती मंडळींनी कीर्तनाची परंपरा एकोणिसाव्या शतकातच आपलीशी केली. रेव्हरंड ना. वा. टिळक याच गावात राहिले. त्यांची ख्रिस्तभक्ती अभंगांतून आणि ओव्यांतून प्रकट झाली, आणि त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी ओवीतच पुरे केले. ज्या गावात येशूचे चरित्र ज्ञानोबांच्या छंदात गाइले गेले, त्या गावचा ख्रिस्ती मुलगा पुढे कृष्ण झाला व ज्ञानेश्वर झाला, यात बाहेरच्यांना जेवढे नवल वाटते तेवढे आम्हां नगरकरांना वाटत नाही. आजीलाही ते वाटले नव्हते, ते यामुळेच.

चौदा वर्षांचा हा मुलगा प्रथम दिसला तो 1932 साली, दादासाहेब तोरणे यांच्या पुण्यातील सरस्वती सिनेटोनच्या 'श्यामसुंदर' या बोलपटात. दिग्दर्शक भालजी पेंढारकर. राधा झाल्या होत्या शांता आपटे. पार्श्वगायनाची सोय त्या काळी नव्हती. नटाला कॅमेऱ्यासमोर स्वतःच गावे लागे आणि सूर चुकला तर दृश्य पुन्हा घ्यावे लागे. म्हणजे रूप, गळा आणि धीटपणा हे तिन्ही त्या वयात अंगी असावे लागत. 'श्यामसुंदर'ने मुंबईत रौप्यमहोत्सव साजरा केला आणि असा मान मिळविणारा पहिला भारतीय चित्रपट म्हणून त्याचा लौकिक झाला. पुढल्याच वर्षी 'औट घटकेचा राजा'त मोडकांनी राजपुत्र व सामान्य मुलगा अशी दुहेरी भूमिका केली. भारतीय बोलपटांतील पहिली दुहेरी भूमिका म्हणून तिचा उल्लेख होत असतो. (मूकपटांत अण्णा साळुंके यांनी 1917 च्या 'लंकादहना'त राम व सीता दोन्ही होऊन दाखविले होतेच, त्यापुढे हे काहीच नव्हे.) आरंभाच्या या दोन चित्रपटांत मोडकांचे पुढले सारे आयुष्य जणू चिठ्ठी लिहून ठेवावी तसे लिहिलेले आहे. एकीकडे देव, दुसरीकडे राजवाड्याबाहेरचा साधा माणूस. मात्र दोघांना सारखे आयुष्य लाभले नाही.

साध्या माणसाची संधी आली ती 1939 मध्ये, प्रभातच्या 'माणूस'मध्ये. व्ही. शांतारामांचा हा चित्रपट हिंदीत 'आदमी' या नावाने निघाला. गणपत हा मुंबईचा पोलीस शिपाई. अड्ड्यावर छापा पडतो, त्यात मैना ही वेश्या त्याच्या हाती सापडते आणि तो तिला सोडून देतो. पुढे ओळख वाढते, प्रेम जडते. तिला घरी आणून सून करावी असे या भोळ्या शिपायाच्या मनात येते. घरी देवभोळी आई आहे. मैनेचे पाय त्या उंबऱ्यावर ठरत नाहीत. अखेर तिच्या हातून तिला छळणाऱ्या मामाचा खून होतो आणि ती तुरुंगात जाते. गणपत तिला पळवून नेऊ पाहतो तेव्हा तीच नकार देते. 1935 च्या 'देवदास'ने प्रेमभंग झालेल्या तरुणाला मद्य व मरण हे दोनच मार्ग दाखविले होते. 'माणूस' हे त्याला दिलेले उत्तर आहे असे म्हणतात, आणि ते खरे आहे. गणपत जगतो.

या चित्रपटाविषयी जेथे जेथे लिहिले जाते तेथे शांता हुबळीकरांच्या मैनेचे कौतुक होते, शांतारामांच्या योजकतेचे होते, अनंत काणेकरांच्या संवादांचे होते, अनेक भाषांतून फिरून येणाऱ्या त्या गाण्याचे होते. हुबळीकरांचे कौतुक कितीही केले तरी थोडेच. पण मैना पेटते ती कोणापुढे, हे कोणी पाहत नाही. मैनेकडे बोलण्यासारखे पुष्कळ आहे. तिने जग पाहिले आहे, तिची जीभ तिखट आहे. गणपतकडे बोलण्यासारखे काहीच नाही. त्याच्यापाशी आहे ती एक सरळ बुद्धी, एक गणवेश आणि आईची भीती. असली भूमिका नटाच्या हातून सहज मातीमोल होते. तो एकतर बावळट दिसू लागतो किंवा आदर्शाचा पुतळा. मोडकांचा गणपत दोन्ही होत नाही. तो लाजतो, पण त्या लाजण्यात गावंढळपणा नाही. सभ्य घरात वाढलेल्या मुलाला आपण चुकीच्या जागी उभे आहोत हे कळावे, तरी तेथून पाय निघू नये, तसे ते लाजणे आहे. बागेतल्या प्रसंगात हे दोघे एका चित्रपटाचे चित्रण पाहतात. तेथले नायक-नायिका बाँबे टॉकीजच्या थाटात प्रेमालाप करीत असतात, आणि मग ही दोघे त्यांची नक्कल करतात. शांतारामांनी येथे दुसऱ्या कंपनीची खोड काढली आहे, हे उघड आहे. मला त्यात अधिक मोलाचे वाटते ते असे की, त्या थट्टेच्या आडून गणपतला आपले खरे प्रेम बोलून घेता येते. थट्टा संपल्यावर तो क्षणभर गप्प होतो. त्या गप्प होण्यातला अभिनय त्या काळच्या मराठी पडद्यावर दुर्मिळ होता. नाटकातून आलेल्या नटांना स्तब्धता म्हणजे संवाद विसरल्याची खूण वाटे.

पोलिसाच्या मनाची ओढाताण दाखविणारा चित्रपट म्हटला की आजच्या वाचकास 1983 चा 'अर्धसत्य' आठवतो. त्यातील रामा शेट्टी साकारणारे सदाशिव अमरापूरकर हेही नगरचेच. आमच्या गावाने पडद्याला एक देव दिला आणि एक खलपुरुष दिला. खलपुरुषाला निदान निरनिराळी सोंगे घ्यावयास मिळाली.

वर्षभरातच, 1940 मध्ये, दामले-फत्तेलालांचा 'संत ज्ञानेश्वर' आला. मोडक तेव्हा बाविशीत होते; ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली ती एकविसाव्या वर्षी. वय असे जुळणे हा योगायोग असेल, पण पडद्यावर त्याचा उपयोग झाला आहे. या भूमिकेची तुलना 'संत तुकाराम'मधील विष्णुपंत पागनिसांशी करण्याची चाल आहे, आणि तीत मोडकांना नेहमीच दुसरा क्रमांक मिळतो. माझ्या मते ही तुलनाच गैर आहे. तुकोबा संसारात होरपळले आणि पागनिस ते होरपळणे गाऊन दाखवितात. ज्ञानोबांच्या चरित्रात दुःख आहे ते आईबापांच्या वाट्याचे, भावंडांच्या वाट्याचे. त्यांच्या स्वतःच्या बोलण्यात मात्र त्याचा ओरखडाही सापडत नाही. ज्याने सर्व सोसले आणि ज्याच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही, अशा पुरुषाचा अभिनय कसा करावा? मोडकांनी उत्तर शोधले ते आवाजात. ते बोलतात खालच्या पट्टीत, सावकाश, समजावणीच्या सुरात. चालती भिंत आणि वाघावर बसलेले चांगदेव पाहावयास त्या काळी गर्दी लोटली. त्या यांत्रिक करामतीच्या मध्यभागी हा शांत स्वर टिकून राहतो. नेवासे येथे, प्रवरेच्या काठी, जेथे 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली असे मानतात, तेथील खांबापाशी मी अनेकदा बसलो आहे. तेथे बसून ओव्या आठवताना त्या मला कधी कधी मोडकांच्या आवाजात ऐकू येतात, हे कबूल केले पाहिजे.

आणि येथेच घात झाला. गणपत शिपाई आणि ज्ञानेश्वर या दोन भूमिका एका वर्षाच्या अंतराने करणाऱ्या नटापुढे दोन वाटा होत्या, आणि प्रेक्षकांनी त्याला एकीच्या तोंडाशी नेऊन सोडले. 1942 मध्ये विजय भट्ट यांच्या 'भरत मिलाप'मध्ये ते भरत झाले, आणि तो भरत चांगला आहे, कारण भरत देव नव्हे. त्याला चुकल्याची खंत आहे, आईचा राग आहे, रडू आहे. त्यानंतर मात्र मुकुट जो डोक्यावर बसला तो उतरला नाही. कृष्णाची भूमिका मोडकांनी 29 चित्रपटांत केली असे सांगतात. एवढ्या वेळा एकच भूमिका करणाऱ्या माणसास नट म्हणावे की पुजारी, असा प्रश्न एखाद्याने विचारला तर तो अगदीच उर्मट ठरणार नाही.

याच 'माणूस'च्या वर्षी, 1939 मध्ये, फ्रान्समध्ये मार्सेल कार्ने यांचा 'पहाट होते आहे' अशा अर्थाच्या नावाचा चित्रपट निघाला. त्यातही एक कष्टकरी माणूस आहे, प्रेम आहे, खून आहे. नायक ज्याँ गाबँ वरच्या मजल्यावरील खोलीत स्वतःला कोंडून घेतो, खाली पोलीस जमतात, आणि पहाटे तो स्वतःवर गोळी झाडून घेतो. गाबँवर त्या काळी अशा हताश नायकाचा शिक्का बसला होता. तोही एक मुकुटच. पण युद्धानंतर पडत्या काळातून गेलेला हा नट 1954 मध्ये पिकल्या केसांचा गुन्हेगार होऊन परत आला, 1958 मध्ये इन्स्पेक्टर मेग्रे झाला, आणि 1976 मध्ये मृत्यू येईपर्यंत पडद्यावर उघडपणे म्हातारा होत राहिला. गंमत अशी की 1935 च्या 'गोल्गोथा'त येशूच्या चरित्रात तोही उभा राहिला होता, पण पिलाताच्या वेषात. त्याने हात धुतले आणि तो पुढे चालता झाला. आमच्या मोडकांस हात धुता आले नाहीत. कृष्ण कधी म्हातारा होत नाही. म्हणून कृष्ण झालेल्या नटासही म्हातारे होण्याची परवानगी नसते. पन्नाशीला आलेल्या गाबँने जे केले ते त्या वयात मोडकांना करता आले असते की नाही, हे पाहण्याची तसदी आपण घेतलीच नाही.

सगळा दोष प्रेक्षकांच्या माथी मारणे अर्थात न्यायाचे नव्हे. शांतारामांनी 1942 मध्ये प्रभात सोडली, 1945 मध्ये दामले गेले, आणि पुढे काही वर्षांत ती संस्थाच बंद पडली. महिन्याच्या पगारावर नट ठेवून त्याच्याकडून आज शिपाई व उद्या संत करवून घेणारी कंपनी गेली आणि चित्रागणिक पैसे मोजणारे निर्माते आले. अशा निर्मात्यास ठरलेला चेहरा हवा असतो. 'रामराज्य'मुळे प्रेम अदीब आणि शोभना समर्थ राम-सीता म्हणून घरोघरच्या दिनदर्शिकांवर गेले. त्यांचीही गत फारशी निराळी नाही. शिवाय मोडकांचा स्वतःचा स्वभाव या भूमिकांकडे ओढ घेणारा असावा. त्यांच्या पत्नी प्रतिभा मोडक यांनी लिहिलेल्या चरित्राच्या नावात 'देवमाणूस' हा शब्द आहे. ज्याची जीवनसंगिनी त्याला या शब्दाने ओळखते त्याच्यावर देवपण बाहेरून लादले गेले असे मी कोणत्या तोंडाने म्हणावे? 11 मे 1993 रोजी ते निवर्तले. तरीही त्या जोडशब्दाचा उत्तरार्ध मला पुन्हा पुन्हा गणपतकडे नेतो.

आमच्या महाविद्यालयात मी एम. ए.च्या विद्यार्थ्यांना विचारले, शाहू मोडक कोण? बहुतेकांना नाव ठाऊक नव्हते. एकाने शाहू महाराजांविषयी सांगावयास सुरुवात केली. मग मी त्यांना 'माणूस' दाखविला. पहिली पंधरा मिनिटे कुजबुज चालली, नंतर ती थांबली. चित्रपट संपल्यावर नेवाशाच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, यांनी असं काम पुन्हा कोणत्या चित्रपटात केलंय?" मला त्या तोडीचे दुसरे नाव सांगता आले नाही. 'संत ज्ञानेश्वर' पुढच्या महिन्यात दाखवावयाचा ठरला आहे. आपल्या आजीला बरोबर आणू का, असे ती विचारून गेली आहे. मी हो म्हटले.