न्यूमनची कविता, डाइक्सची चाल, नरसिंहरावांची ज्योत

जॉन हेन्री न्यूमन 1833च्या जून महिन्यात संत्र्यांनी भरलेल्या गलबतातून पालेर्मोहून मार्सेयला निघाला होता. सिसिलीत तापाने तो मरता मरता वाचला होता. बोनिफासिओच्या सामुद्रधुनीत वारा पडला आणि गलबत आठवडाभर जागच्या जागी राहिले. ‘लीड, काइंडली लाइट’ ही कविता तिथली. तिच्यात जी वाट दिसत नाही ती केवळ आध्यात्मिक नव्हती, हे लक्षात ठेवलेले बरे.

रचना मोठी विलक्षण आहे. दहा अक्षरांची ओळ, मग चार अक्षरांची, पुन्हा तसेच, शेवटी दहा-दहाच्या दोन. मराठी कानाला यात मोठ्या अभंगाची आठवण होते. तिथेही सहा, सहा, सहा अक्षरांनंतर चारच येतात आणि श्वास मध्येच अडतो. न्यूमनच्या आखूड ओळीत विनवणी आहे, पण तिला आर्जवाची लांबण नाही. मागणेही बेताचे : पुढचे सारे नको, एक पाऊल पुरे.

1865 मध्ये डरहमच्या जॉन बॅकस डाइक्सने तिला ‘लक्स बेनिग्ना’ ही चाल दिली. ही कविता लोकप्रिय झाली ती डाइक्समुळे, असे खुद्द न्यूमन म्हणाल्याचे सांगतात. हा निव्वळ विनय वाटत नाही. डाइक्सच्या गोड, भरगच्च सुरावटींवर पुढच्या पिढीने नाके मुरडली. मला ती नापसंती थोडी उतावळी वाटते. या चालीने शेकडो गळ्यांना एकत्र गाता येईल असे काही दिले. माझी तक्रार वेगळी आहे. दुसऱ्या कडव्यात कवी आपल्या जुन्या अहंकाराची कबुली देतो. तिथे आवाज कोरडा पडायला हवा, पण स्तोत्राची चाल प्रत्येक कडव्याला तीच. शरमसुद्धा त्याच माधुर्यात विरघळते.

गांधीजींच्या आवडत्या स्तोत्रांपैकी हे एक. नरसिंहराव दिवेटियांनी त्याचे गुजराती रूप केले, ‘प्रेमळ ज्योति’, आणि ते आश्रमभजनावलीत गेले. शीर्षकातच फरक सुरू होतो. ‘काइंडली’मध्ये जपून राखलेले अंतर आहे, ‘प्रेमळ’मध्ये घरची ऊब. न्यूमनकडे नसलेले लेकरूही इथे येते : अंधारात सापडलेल्या आपल्या बाळाला सांभाळ, अशी विनवणी. आखूड ओळ ध्रुवपदासारखी फिरून येते; स्तोत्राचे भजन होते ते इथेच.

पण सर्वांत मोठा बदल क्रियापदात आहे. न्यूमन म्हणतो, मला पुढे ने. दिवेटिया म्हणतात, माझी जीवनवाट उजळ. नेणाऱ्याच्या मागे जाणे ही शरणागती. वाट उजळली तर चालायचे आपणच. न्यूमनच्या कवितेची धार पहिल्यात आहे, कारण स्वतःची वाट स्वतः निवडण्याचा सोस सोडणे हाच दुसऱ्या कडव्याचा विषय. गुजरातीतही गर्वाची कबुली आहे, पण तिच्यानंतर येणारे मागणे मवाळ झाले आहे. आश्रमातल्या कर्मयोग्यांना कदाचित हेच रूप मानवले असेल.

शेवटच्या ओळींतल्या देवदूतांच्या चेहऱ्यांचा अर्थ 1879 मध्ये कुणीसा न्यूमनला विचारला. जवळजवळ पन्नास वर्षांनंतर आपलाच अर्थ लक्षात ठेवायला मी बांधील नाही, अशा आशयाचे उत्तर त्याने धाडले.