प्रणयप्रधान सुखात्मिका, प्रबोधनकालीन व मराठी

प्रणयप्रधान सुखात्मिका, प्रबोधनकालीन व मराठी : वडीलधाऱ्यांच्या मनाविरुद्ध जुळलेले प्रेम वेषांतर, चुकीची ओळख व सेवकांची कारस्थाने यांच्या साहाय्याने विवाहापर्यंत नेणारा नाट्यप्रकार. त्याचा सांगाडा प्लॉटस व टेरेन्स या रोमन नाटककारांचा आहे. रोमन नाटकांत कुलीन कन्या बहुधा पडद्याआडच राहते. रंगमंचावर प्रेमाची भाषा बोलते ती गणिका. सोळाव्या शतकात इटालियन नाटककारांनी ही संविधानके आपल्या नगरांत आणून बसविली. आरिऑस्तोच्या ई सुप्पोझीती (१५०९) या नाटकात प्रियकर आपल्या नोकराशी नावाची व वेषाची अदलाबदल करून प्रेयसीच्या घरात राहतो. जॉर्ज गॅस्कॉइनने १५६६ मध्ये त्याचे इंग्रजी रूपांतर केले आणि शेक्सपिअरने ते द टेमिंग ऑफ द श्रूमध्ये उपकथानक म्हणून योजिले. शेक्सपिअरचा खरा विशेष मात्र ॲज यू लाइक इट व ट्वेल्फ्थ नाइट यांत आढळतो. तेथे पुरुषवेषातील नायिका प्रेमाच्या गोष्टी मोकळेपणी बोलू शकते. पहिल्या नाटकात तर ती आपल्या प्रियकराची परीक्षा घेते, त्याची थट्टा करते आणि स्वतःही त्यात गुंतते.

वा. बा. केळकर यांच्या त्राटिका या रूपांतराद्वारे द टेमिंग ऑफ द श्रू मराठी रंगभूमीवर आले. शाहूनगरवासी नाटक मंडळीचा हा प्रयोग गणपतराव जोशी व बाळाभाऊ जोग यांच्या भूमिकांमुळे गाजला. प्रेक्षकांना भावली ती कजाग स्त्रीला वठणीवर आणण्याची कथा. प्रणयाचे उपकथानक मागे पडले. हे स्वाभाविकच होते. संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारा कायदाही १८९१ मध्ये प्रक्षोभक ठरला, त्या समाजात विवाहापूर्वी तरुणतरुणींनी भेटावे कोठे, हाच नाटककारापुढील प्रश्न होता.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी तो पुराणाच्या आश्रयाने सोडविला. सौभद्रात (१८८२) नकोसा वर दुर्योधन, हट्टी वडील बंधू बलराम, संन्याशाच्या वेषात प्रेयसीच्या घरी राहणारा अर्जुन असे या प्रकाराचे सारे घटक आहेत. कोणत्याही रूपांतरापेक्षा हे स्वतंत्र नाटक त्या परंपरेच्या अधिक जवळ जाते. उणीव एकच, परंतु मोठी : वेषांतर पुरुषाचे, सूत्रे कृष्णाच्या हाती आणि सुभद्रा अखेरपर्यंत अजाण.

गो. ब. देवलांनी शारदेत (१८९९) समकालीन घर रंगविले. कोवळ्या मुलीशी लग्न करू पाहणारा वृद्ध इटालियन रंगभूमीवर केवळ हास्यास्पद असतो. भुजंगनाथाच्या मागे कांचनभटाचा मुलीच्या विक्रीचा व्यवहार असल्याने येथे हसू थिजते. हे लग्न मोडते तेही प्रेमाच्या बळावर नव्हे, तर सगोत्रतेच्या आक्षेपावर. कोदंड व शारदा यांचा विवाह ही तिच्या सुटकेची परिणती आहे. प्रणय त्यात नावापुरताच.

संशयकल्लोळाची (१९१६) गोष्ट वेगळी. मोल्येरच्या स्गानारेल (१६६०) या नाटकावरून आर्थर मर्फीने ऑल इन द राँग (१७६१) लिहिले व त्यावरून देवलांनी आधी फाल्गुनराव हे गद्य नाटक रचिले. संशयकल्लोळ हे त्याचेच संगीत रूप. मर्फीची प्रेमिका सभ्य घरची कन्या आहे. देवलांची रेवती नायकिणीची मुलगी. समीक्षेत हा बदल स्थानिक रंगाचा म्हणून सहज सोडून देण्यात येतो, परंतु नाटकाचा प्राण त्यातच आहे. प्रियकर स्वतः निवडणे, त्याच्यावर रुसणे, त्याच्या संशयाचा जाब विचारणे हे त्या काळी रंगमंचावर तिलाच शोभू शकत होते. तिच्या तोंडी देवलांनी घातलेले चटपटीत, मानी संवाद कुलीन घरच्या शारदेला कधीच लाभले नाहीत. रोमन रंगभूमीने गणिकेला जी मोकळीक दिली होती, तीच येथे रेवतीला मिळाली. आणि गंधर्व नाटक मंडळीच्या प्रयोगांत ती भूमिका बालगंधर्व करीत.