पुनरावृत्तीचे व्याकरण : ‘नोन नोन बियोरी’चे दुसरे पर्व

एखाद्या कथामालेचे दुसरे पर्व निघाले की कथा पुढे सरकली असेल, अशी आपली स्वाभाविक अपेक्षा असते. ‘नोन नोन बियोरी’ या जपानी ॲनिमे मालिकेचे दुसरे पर्व ही अपेक्षा पुरी करीत नाही. पहिल्या पर्वाने जे एक वर्ष दाखविले, तेच वर्ष ते पुन्हा दाखविते. आत्तो या टोपणनावाने लिहिलेली मूळ चित्रकथा २००९ पासून २०२१ पर्यंत मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यावरून सिल्व्हर लिंक या संस्थेने शिन्या कावात्सुरा यांच्या दिग्दर्शनाखाली २०१३ साली पहिले पर्व काढले. दुसरे, बारा भागांचे पर्व जुलै ते सप्टेंबर २०१५ या काळात प्रक्षेपित झाले. त्याचे नावच ‘रिपीट’ असे आहे. ही पुनरावृत्ती निव्वळ पुनरुक्ती आहे, की तिला काही कलात्मक प्रयोजन आहे, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

मालिकेची मांडणी अगदी साधी आहे. डोंगरांनी वेढलेले एक खेडे. तेथे आसाहिगाओका नावाची शाखाशाळा. शाळेत एकच वर्ग आणि पटावर पाच मुले. पहिलीतली रेंगे, टोकियोहून आलेली पाचवीतली होतारू, सातवीतली नात्सुमी, आठवीतली तिची बहीण कोमारी, आणि या दोघींचा नववीतला भाऊ सुगुरू, जो कधी एक शब्दही बोलत नाही. शिक्षिका काझुहो ही रेंगेची थोरली बहीण. संघर्ष, रहस्य, खलपुरुष यांपैकी येथे काहीच नाही. जपानी रसिक अशा कृतींना ‘निचिजो-केई’, म्हणजे नित्याच्या जीवनाचा प्रकार, असे म्हणतात. आणि तिच्या परिणामावरून ‘इयाशी-केई’ असेही म्हणतात. ‘इयासु’ या क्रियापदाचा अर्थ दुखणे बरे करणे, शमविणे. अशी कृती मनाला विसावा देते एवढे सांगून समीक्षक बहुधा थांबतो. परंतु विसावा हा परिणाम होय. तो कोणत्या रचनेतून निष्पन्न होतो हे सांगणे समीक्षेचे काम आहे.

रचनेचा पहिला पुरावा भागांच्या शीर्षकांत सापडतो. दुसऱ्या पर्वातील काही शीर्षके पाहावीत : ‘इचिनेन्सेई नि नात्ता’ (पहिलीत गेले), ‘होशी ओ मि नि इत्ता’ (तारे पाहायला गेले), ‘ओत्सुकिमी ओ शिता’ (चंद्रदर्शन केले), ‘सुगोकु रेन्शू शिता’ (खूप सराव केला), ‘इश्शो नि ओबेन्तो ओ ताबेता’ (सगळ्यांनी मिळून डबा खाल्ला). दोन्ही पर्वांतील प्रत्येक शीर्षक असेच ‘-ता’ या भूतकालवाचक प्रत्ययाने संपते. शाळकरी मुलाच्या रोजनिशीतील हे वाक्य आहे. दिवस मावळला, एक गोष्ट घडली, ती एका ओळीत लिहिली, वही मिटली.

या वाक्यांत बहुधा कर्ता नाही. जपानी क्रियापद पुरुष, लिंग, वचन यांपैकी काहीच दाखवीत नाही. त्यामुळे कर्ता गाळला की तो खरोखरच अनिश्चित राहतो. मराठीत ही सोय नाही. ‘इत्ता’चे भाषांतर करू जाता ‘गेलो’, ‘गेली’, ‘गेले’ यांतून एकाची निवड करावीच लागते, आणि निवड केली की दार बंद होते. मात्र मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद आहे. त्याच्या आधारे असे म्हणता येईल की या शीर्षकांचा अध्याहृत कर्ता ‘आम्ही’ नसून ‘आपण’ आहे. ‘आपण तारे पाहायला गेलो’ यात ऐकणाराही सामावला जातो. प्रेक्षकाला खेड्यात नेण्याचे निम्मे काम अशा रीतीने चित्र सुरू होण्यापूर्वीच झालेले असते. पर्वाचे नाव लिहिण्याच्या पद्धतीतही हेच धोरण दिसते. परकीय शब्द काताकाना लिपीत लिहावयाचा हा जपानी लेखनाचा संकेत असताना ‘रिपीट’ हा इंग्रजी शब्द येथे हिरागानात, मुले प्रथम शिकतात त्या लिपीत, लिहिलेला आहे. परका शब्द जणू बालकाच्या कित्त्यातून उतरला आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ‘गेलो’ हे रूप एकदा घडलेली क्रिया सांगते; ‘जात असू’ हे रूप रीत सांगते. मराठीच्या रीतिभूतकाळात एकेका प्रसंगाची धार बोथट होते आणि काळाचा पोत जाणवू लागतो. पहिले पर्व सरळ साध्या भूतकाळात आहे. होतारू शाळेत येते तेथे ते सुरू होते, आणि ‘पुन्हा वसंत आला’ या अर्थाच्या शीर्षकाने संपते. दुसरे पर्व थोडे मागे जाऊन रेंगेच्या शाळाप्रवेशापासून आरंभ करते, आणि पुन्हा त्याच वर्षाच्या पावसाळ्यातून, उन्हाळ्यातून, शरदातून जाते. नवे प्रसंग जुन्या प्रसंगांच्या फटींत बसविलेले आहेत. परिणाम असा होतो की एका उन्हाळ्यात न मावणाऱ्या इतक्या गोष्टी त्या उन्हाळ्यात घडतात, आणि प्रेक्षक नकळत ‘त्या उन्हाळ्यात’ म्हणण्याऐवजी ‘उन्हाळ्यात’ असे म्हणू लागतो. शीर्षके ‘गेलो’ म्हणत राहतात. रचना मात्र ‘जात असू’ म्हणते. दुसऱ्या पर्वाचे खरे कार्य हेच, की पहिल्या पर्वाच्या साध्या भूतकाळाचे ते रीतिभूतात रूपांतर करते. आपल्या काव्यशास्त्राने पुनरुक्तीला दोषांत गणले, तसेच काही ठिकाणी ती दोष राहत नाही हेही सांगून ठेवले. हे त्यांपैकी एक ठिकाण होय.

पुनरावृत्तीने ओळखीच्या व्यक्तीचे नवे अंग दिसते, हाही लाभ आहे. उंचीने आणि वागण्याने वयापेक्षा मोठी वाटणारी होतारू अकराव्या भागात घरी आईजवळ अगदी लहान, लाडावलेले मूल होते. पहिल्याच भेटीत हे दाखविले असते तर ते विनोदापुरते राहिले असते. इतक्या सहवासानंतर ते तिच्या थोरपणाचे मोल सांगते. दुसरा प्रसंग रेंगेचा. भातखाचरातील काबुतोएबी नावाचे इवलेसे कवचधारी जीव ती शाळेत आणून पाळते. त्यांचे आयुष्य थोड्या आठवड्यांचे असते. ते मरतात, आणि रेंगे मुकाट्याने दुःख करते. पुढे कळते की त्यांची अंडी वाळलेल्या मातीतही टिकतात आणि पाणी मिळताच त्यांतून नवे जीव निघतात. येथे कोणी उपदेश करीत नाही. परंतु एकेकाचा अंत आणि साऱ्यांचे परतणे या दोन गोष्टी एकाच चिखलात आहेत, हे सहा-सात वर्षांच्या मुलीला दिसते. आणि पर्वाची संपूर्ण घडण याच दोन गोष्टींवर उभी आहे.

तथापि या कृतीत एक उणीव आहे, आणि ती भाषेच्या अभ्यासकाला विशेष टोचते. या खेड्याला बोली नाही. मुलांची भाषा मुख्यतः प्रमाण जपानीच आहे. रेंगेचे वाक्यान्ती येणारे ‘नानोन’ आणि तिचे ‘न्यान्पासु’ हे अभिवादन कोणत्याही प्रदेशाचे नसून एका काल्पनिक बालिकेचे आहे. सातोशी किन्सुई यांनी २००३ सालच्या आपल्या ग्रंथात ‘याकुवारिगो’, म्हणजे भूमिकेने ठरणारी भाषा, ही संकल्पना विस्ताराने मांडली. तिच्या आधारे पाहता, येथे व्यक्तीची लकब बोलीच्या जागी बसविली आहे असे दिसते. त्यामुळे हे खेडे सर्वांचे होते, पण कोणाचेच राहत नाही. ज्या ‘आपण’चा वर उल्लेख केला, त्याची ही किंमत आहे.

ही किंमत लहान नाही, कारण खेड्याचे कोणाचेच नसणे ही जपानात केवळ कल्पना नव्हे. ओस पडत चाललेल्या भागांसाठी त्या देशाने १९७० साली स्वतंत्र कायदा केला, आणि २००२ नंतरच्या दोन दशकांत तेथील आठ हजारांहून अधिक सार्वजनिक शाळा बंद झाल्या. मालिकेतील शाळेची इमारत ज्या वास्तूवरून चितारली असे प्रेक्षक ओळखतात, ती सैतामा प्रांतातील ओगावा येथील शिमोझातो शाखाशाळाही बंद झालेली आहे. मालिका याविषयी भाष्य करीत नाही. पण पटावरचा पाचाचा आकडा आणि टोकियोत शिकायला राहिलेली रेंगेची मधली बहीण हिकागे, एवढ्यावरून सारे कळते. वर्ष पुढे सरकले तर नववीतला सुगुरू शाळेतून जाईल आणि पाचाचे चार होतील. वर्ष का सरकत नाही, याचे उत्तर येथे आहे. २०२१ च्या तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस वर्ष खरोखर सरकते आणि सुगुरू शाळा सोडतो. तेव्हा आधीची थांबलेली वर्षे किती मोलाची होती हे उमगते.

या मालिकेच्या विसाव्याला पलायन म्हणणारे टीकाकार म्हणूनच अर्धेच खरे सांगतात. जे संपणार आहे त्याची रीतिभूतात नोंद ठेवणे हे स्मृतीचे जुने काम आहे. ‘आम्ही जात असू’ असे माणूस बहुधा जाणे थांबल्यावरच म्हणतो. दुसरे पर्व हे वाक्य जाणे थांबण्यापूर्वी उच्चारते. बोलीच्या अभावी ती नोंद अपुरी आहे, एवढे नमूद करूनही तिचे महत्त्व मान्य करावे लागते.