जेम्स वेल्स यांचे सवाई माधवरावांचे तैलचित्र : एक पुनर्विचार

स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यांनी 1792 मध्ये पुण्यात रंगविलेले सवाई माधवराव पेशवे व नाना फडणवीस यांचे तैलचित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. पेशवाईच्या वैभवाचा नमुना म्हणून ते सहसा दाखविले जाते. हे वाचन अपुरे वाटते.

चित्रातील पेशवे अवघे अठरा वर्षांचे आहेत. वडील नारायणराव यांचा खून 1773 मध्ये, म्हणजे त्यांच्या जन्मापूर्वीच झाला; आई गंगाबाई 1777 मध्ये वारल्या. घरातले वडीलधारे म्हणावेत असे रघुनाथराव तर गादीसाठीच झगडत राहिले. अशा मुलाशेजारी बसलेली कृश चेहऱ्याची व्यक्ती नात्यातील नसून कारभारी आहे. सेवक मागे उभे, कारभारी मात्र बसलेला. दागिन्यांपेक्षा ही मांडणीच अधिक बोलकी आहे. वाळपईच्या वर्गात हे चित्र दाखविणाऱ्या शिक्षकाने विद्यार्थ्यांचे लक्ष आधी तिकडे वेधावे.

वेल्स यांचे आश्रयदाते होते कंपनीचे पुण्यातील वकील चार्ल्स मॅलेट. दरबारात खरे वजन कोणाचे, हे जाणणे त्यांचे कामच होते. चित्रकाराची नजर तटस्थ मानताना हे विसरता येत नाही. पेशवे व वेल्स दोघेही 1795 मध्येच निवर्तले. 1799 मध्ये वेल्स यांची कन्या सुझॅना मॅलेट यांची पत्नी झाली.