मामा, मॅन वाचा!

पंचांग हा मराठी घरातला सर्वांत प्रामाणिक ग्रंथ. त्यात एक शब्द फालतू नसतो, एक घटका इकडची तिकडे नसते. अडचण एवढीच, की ज्याला ते वाचता येतं त्याला गुरुजी म्हणतात आणि बाकीचे सगळे त्याला फोन करतात. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची माहितीपानं मी गेलं वर्षभर वाचतो आहे, आणि ती लिहिणारी मंडळी पूर्वजन्मी पंचांगकर्ते असावीत, असं माझं मत झालं आहे.

लिनक्स आमच्याकडे आलं ते भाच्याच्या हातून. माझा दहा वर्षांचा कॉम्प्युटर नव्या सिस्टीमच्या अटींत बसेना. पूर्वी मुलगी बघायला आलेल्यांना जसं काहीतरी कमी दिसायचंच, तसं त्याचं काहीतरी कमी पडत होतं. भाच्यानं एका दुपारी त्यावर लिनक्स चढवलं आणि तो चक्क तरण्या पोरासारखा चालायला लागला. खर्च शून्य. "फुकट नाही म्हणायचं मामा, मुक्त म्हणायचं," असं त्यानं बजावलं, आणि चपला घालता घालता गुरुमंत्र दिला, "काही अडलं तर मॅन वाचा."

मॅन म्हणजे मॅन्युअल. काळ्या स्क्रीनवर 'मॅन' लिहून पुढं कमांडचं नाव टाकलं, की त्या कमांडचं पान उघडतं. हा घाट जुना आहे. अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स रचलं, त्याच्या मॅन्युअलची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ ची. पुढं १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं लिनक्स सुरू केलं ते युनिक्सच्याच वळणावर, त्यामुळं पानांचा घाटही वारशानं आला : नाव, सारांश, वर्णन, 'हेही पहा', आणि 'बग्ज'.

या बग्जवर मी फिदा आहे. इथं लेखक स्वतःच्या हातानं लिहून ठेवतो, की माझ्या कामात अमुक खोट आहे. आमच्याकडे स्थळांच्या माहितीपत्रकात असा एक रकाना असता, तर किती संसार वाचले असते! भाषेचा काटेकोरपणाही पाहावा. 'ट्रू' नावाची एक कमांड आहे. तिचं काम एका ओळीत सांगितलंय : काहीही न करणे, यशस्वीपणे. तिची जाऊ 'फॉल्स' : काहीही न करणे, अयशस्वीपणे. मी एका कचेरीत एकतीस वर्षं काढली. तिथल्या दोन्ही गटांचं इतकं नेमकं वर्णन त्या काळात कुणालाही साधलं नव्हतं.

पण वाङ्मयीन गुण वेगळे आणि अडलेल्याची सोय वेगळी. मॅनचं पान उघडायचं तर कमांडचं नाव ठाऊक हवं. फायलींमध्ये एखादा शब्द कुठं आलाय ते शोधायचं असेल, तर नाव आहे 'ग्रेप'. ते एका जुन्या एडिटरमधल्या जी, आरई, पी या खुणांवरून पडलं. हे मला स्वप्नात कोण सांगणार? "त्यासाठी विषयावरून शोधायची सोय आहे मामा," भाचा फोनवर म्हणाला. आहे खरी. त्या सोयीचं नाव 'ॲप्रपो'. मूळ फ्रेंच. म्हणजे किल्ल्या ज्या कपाटात ठेवल्यात, त्या कपाटाची किल्ली पॅरिसला.

बरं, पान उघडलं, पुढं काय? फायलींची यादी दाखवणाऱ्या 'एलएस' या साध्या कमांडला इतके ऑप्शन आहेत, की छोट्या लिपीतली ई, जे, वाय आणि झेड एवढी चार अक्षरं सोडली तर सगळी कामाला जुंपलेली आहेत. मग मोठी लिपी सुरू होते. सगळी एका रांगेत, वर्णानुक्रमे. रोज लागणारा ऑप्शन आणि जन्मात एकदा लागणारा ऑप्शन शेजारी शेजारी, एकाच मापाचे कपडे घालून उभे.

१९७० साली आलेलं कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आमच्या घरात आहे. वाटी-चमच्याच्या मापानं त्या पुस्तकानं किती नव्या गृहिणींना हात धरून ओट्यापाशी नेलं असेल! तेच मॅनच्या पद्धतीनं लिहिलं असतं तर कसं दिसलं असतं, म्हणून मी एक पान करून पाहिलं :

नाव : पोहे – चपट्या तांदळावर प्रक्रिया करून तो बशीकडे पाठवणे. सारांश : पोहे [-क] [-ब] [-ल] [-भ] पातेलं... वर्णन : -क, कांदा वापरा. -ब, बटाटा वापरा. -क सोबत दिल्यास क्रम महत्त्वाचा. -भ, भिजवण्याची पायरी गाळा, परिणाम अनिश्चित. -ल, लिंबू बशीकडे वेगळं पाठवा. हेही पहा : उपमा (१), सांजा (१), फोडणी (८). बग्ज : पाहुणे जास्त झाल्यास वर्तन बदलते.

हिनं चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाली, "अहो, ह्यात गॅस कधी पेटवायचा ते कुठंय?"

माझ्या मते या विषयावरची सर्वांत मार्मिक समीक्षा हीच. वरच्या पानात खोटं काहीच नाही. तीस वर्षं पोहे करणाऱ्या बाईला ते पुरेसंही आहे. तिला फक्त -ल होतं की -लि, एवढंच आठवायचं असतं. ज्याला येतं त्याच्या स्मरणासाठीचं हे लेखन, आणि आपण ते ज्याला येत नाही त्याच्या हातात देतो.

'आरएम' म्हणजे फाइल पुसण्याची कमांड घ्या. पुसलेली फाइल कचऱ्याच्या डब्यात जात नाही, थेट जाते. नातवाच्या बारशाचे फोटो असतील तर गेले. लिनक्समधलं त्या कमांडचं पान इथं सावधगिरीची सूचना देतंच, पण कोणती? तर, पुरेसा वेळ आणि कसब असलेला माणूस पुसलेल्यातलं काही परत मिळवूही शकेल, तेव्हा कायमचं नष्ट करायचं असल्यास 'श्रेड' वापरा! गुप्तहेराची काळजी वाहिली आहे, आजोबांची नाही.

मूळ युनिक्सवाल्यांना हा फरक कळत होता. ब्रायन कर्निगन यांनी नवख्यांसाठी 'युनिक्स फॉर बिगिनर्स' असा वेगळा पाठ लिहिला होता, आणि १९७९ च्या सातव्या आवृत्तीत तो मॅन्युअलच्या दुसऱ्या खंडात छापलेला आहे. कोश वेगळा, अंकलिपी वेगळी. आज अंकलिप्या नाहीत असं नाही, ढीग आहे. पण कुठली कुठल्या आवृत्तीची हे कळायलाच आधी अंकलिपी लागते, आणि कॉम्प्युटरच्या पोटात हाताशी असतो तो कोशच. तो वाचला नाही, की जुने जाणते चार अक्षरी शिवी देतात : आरटीएफएम. मॅन्युअल वाच, असा अर्थ. त्यातल्या तिसऱ्या अक्षराचा शब्द आमच्या घरात उच्चारत नाहीत.

भाच्याला हे पटत नाही. "लिहिणाऱ्यातले कितीतरी जण पदरचा वेळ देतात, मामा. तुम्हाला आयतं हवं." त्यांच्यापुढं मी हात जोडतो. पण रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरची हाक दिली, तिच्यात वापरण्याच्या आणि वाटण्याच्या जोडीनं अभ्यासण्याचं, बदलण्याचंही स्वातंत्र्य आहे. ज्याला नवं यंत्र घेणं परवडत नाही, त्याला या स्वातंत्र्याची सर्वांत जास्त गरज, आणि उंबरठ्यावर ठेचकाळतो तोच. कर्नाटक ओलांडून केरळात पाहा. तिथं सरकारी शाळांतून लिनक्स चालतं, कारण सॉफ्टवेअरबरोबर शिक्षकांचं प्रशिक्षण आलं आणि मल्याळममधून पाठ्यपुस्तकं आली.

मागणी तरी केवढी? पानाच्या डोक्यावर दोन उदाहरणं द्या. बरोबर झालं तर स्क्रीनवर काय दिसेल ते सांगा. कारण इथं काम फत्ते झालं की बहुतेक कमांडी गप्प बसतात, आणि नवखा माणूस त्या शांततेलाच घाबरतो. परत फिरता न येणारी पायरी ठळक छापा. आणि लिहायला बसवा ते महिन्यापूर्वी शिकलेल्याला; दहा वर्षं मुरलेला माणूस आपल्याला काय येत नव्हतं तेच विसरलेला असतो. नुसत्या उदाहरणांची चिमुकली पानं आता काही स्वयंसेवक लिहितात. ती मी भाच्याच्या देखत मोठ्यानं वाचतो.

हिनं मात्र कुणाची वाट पाहिली नाही. फोनमधले फोटो कॉम्प्युटरवर कसे घ्यायचे ते दुधाच्या हिशेबाच्या वहीत तीन पानं लिहून काढलं. पहिली ओळ : 'वायर दोन्हीकडून लागली आहे ना ते बघावे.' दुसरी : 'फोनवर परवानगी विचारील. हो म्हणावे. घाबरू नये.' भाचा गेल्या रविवारी आला, उभ्या उभ्या वाचायला लागला आणि वाचता वाचता बसला.

"मामी, ह्याचा फोटो काढू? आमच्या ग्रुपवर टाकतो."

"काढ की. पण तिसऱ्या पानावर दूधवाल्याचे दोनशे चाळीस राहिलेत, तेवढे झाक."