हरिभाऊंचं भुयार

हरि नारायण आपटे यांना आपण ऐतिहासिक कादंबरीकार म्हणून वाचतो. मला ते आधी रहस्यकार वाटतात. 'मधली स्थिती' (१८८५) रेनॉल्ड्सच्या लंडनवरच्या कादंबरीवरून उभी राहिली. इतिहासाकडे वळताना ती हत्यारं त्यांनी बरोबर आणली. 'उषःकाल' (१८९५-९७) 'करमणूक'मधून क्रमशः आली. वाचकाला पुढच्या अंकाची वाट बघायला लावणं संपादक हरिभाऊंना भागच होतं. मारुतीच्या देवळाखालचं भुयार त्या गरजेतूनही खणलं गेलं आहे. त्यात मला कमीपणा दिसत नाही.

तक्रार आहे ती 'गड आला पण सिंह गेला'विषयी (१९०३-०४). आमच्या कशेडीहून घाट उतरून पोलादपूर गाठलं की पुढे उमरठ, तानाजी मालुसऱ्यांची समाधी. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात रायबाच्या लग्नाची गडबड चालली आहे ती याच गावात. कादंबरी मात्र सती निघालेल्या कमलकुमारीपासून सुरू होते. उदयभानू तिला पळवतो, आणि पुढे तिचं काय होणार या प्रश्नावर गोष्ट चालते. कारण उघड आहे: गड येणार, सिंह जाणार, हे नावातच सांगून टाकलेलं. मग उत्कंठा दुसरीकडून आणावी लागली. ती आणली खरी, पण ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र एका स्त्रीच्या सुटकेची होऊन बसली. (ही कमलकुमारी आता लोकांना इतिहासातलीच वाटते!)

पोवाड्यात शेवट ठाऊक असूनही ऐकणारा जागचा उठत नाही. लग्नघर सोडून निघालेल्या माणसामागे तो चालत राहतो. आणि हा पोवाडा हरिभाऊंना काही दुर्मिळ नव्हता. अॅक्वर्थ-शाळिग्रामांनी १८९१ मध्येच तो छापला होता.